सैकला बर्फ पडणार होता

मंगळवारी दुपारी सगळ्यांचे फोन एकदम वाजले.
मशिदीच्या पायरीवर खल्फानने चष्मा पुसला,
मला वाचून दाखवलं, हळू, पोराला शिकवावं तसं:
गुरुवारी रात्री, दोन हजार मीटरच्या वर
वारा, गारा, आणि तल्ज.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा.
खाली मस्कतला माणसं अजून घामाने निथळतायत,
इथे डाळिंबं झाडावर, पंधरा दिवसांची कच्ची.

तल्ज म्हणजे आभाळातून पडतो तो,
आणि ग्लासात टाकतात तोही तल्जच.
आमच्याकडेही तसंच, म्हटलं, एकच शब्द: बर्फ.
तिथेच फसलो.
कारण मागे कधीतरी, कॉफी पिताना, मी सांगून बसलो होतो
की हर्णैला नऊ वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात होतो.

पावसे हे आडनाव त्यांच्या ओठांना जमत नाही.
"बावसे, तू बर्फाचा माणूस. तू सांग."

संध्याकाळी शीतगृहाच्या दारात गर्दी.
बर्फ किती जड असतो?
फांदी मोडते का?
फळाच्या आत शिरतो का?
शेळ्यांनी खाल्ला तर?

मला काय ठाऊक.
माझा बर्फ पत्र्याच्या डब्यात गोठायचा, मिठाच्या पाण्यात बुडवून,
आकडा लावून ओढायचो त्याची लादी,
अमोनिया डोळ्यांत, खांद्यावर ओलं गोणपाट.
वरून पडायचा म्हणाल, तर हो,
चुरा होऊन, घसरणीवरून, होडीत, सुरमईच्या अंगावर.

पण सहा वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी मला असं काही विचारत होतं
जे पाना घेऊन दुरुस्त करायचं नव्हतं.
म्हणालो, काढा. सगळं फळ काढून घ्या.

बुधवार गेला, गुरुवार गेला.
पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून क्रेट खाली आले,
शाळेतली पोरंसुद्धा लागली हाताला.
मोफिज्जुलने दुपारपासूनच दोन जॅकेटं चढवली
आणि सिल्हेटच्या लेकीसाठी मोबाइलची काच पुसत राहिला.
फक्त जोखाने ऐकलं नाही.
तिने नवऱ्याची लोकरीची घोंगडी
थोरल्या झाडावर टाकली, शेळीच्या दाव्याने बांधली,
तो आजारी असताना बांधायची तशी, गळ्याशी घट्ट.

रात्री वारा आला. एक पत्रा तेवढा वाजला.
दोनच्या सुमाराला ढग फाटले आणि
इतकं चांदणं, इतकं,
की लाज वाटली.
मी आत जाऊन काटा पाहिला: चार अंश.
अख्ख्या डोंगरावर सगळ्यात जास्त थंडी
माझ्याच खोलीत होती, क्रेटच्या मध्ये.

सकाळी खल्फानने एक फळ चिरलं.
दाणे पांढरे. कडेला जेमतेम गुलाबी.
"बघ बावसे," म्हणाला, "पडला की तल्ज."
मूठभर तोंडात टाकले, डोळे मिटले आंबटाने,
उरलेले माझ्या तळहातावर ओतले.
मी खाल्ले. काय करणार.

निझवाच्या बाजारात अर्धा भाव आला.
मला कुणी काही बोललं नाही.
कॉफीला बोलावतात अजून, पण
हवामानाचा निरोप आला की
आता खल्फान मनातच वाचतो.

घरून फोन आला: पडला का रे बर्फ?
थोडा पडला, म्हणालो.

वीस तारखेला जोखाने घोंगडी सोडली.
आजूबाजूची झाडं रिकामी, हे एकटं लगडलेलं,
काही फळं तर उकललेली, आतून लालभडक.
नातवाच्या हाती एक पाठवलं तिने. निरोप नाही.

मी ते शीतगृहात ठेवलं नाही.